अडकलेला काटा

'काटा' हा शब्द आपल्या भाषेत फार कष्टाळू आहे. बाभळीचा काटा पायात मोडतो. घड्याळाचा काटा परीक्षेच्या हॉलमध्ये पाठीस लागतो. आडत दुकानातल्या तराजूचा काटा हलतो तेव्हा समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे काळीजही हलते. आणि साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर तर उसाने भरलेली अख्खी गाडी चढते. आमच्या बीड जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोड्यांची सहा महिन्यांची कमाई त्या एका काट्यावर ठरते. पण मी या लेखात ज्या काट्याविषयी लिहिणार आहे तो या सर्वांत धाकटा. जुन्या जीपच्या डॅशबोर्डावर करंगळीच्या नखाएवढी एक लाल सुई असते आणि टाकीत पेट्रोल किती उरले ते ती सांगते. हा काटा कोणाला टोचत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्षही नसते. तो बिघडला म्हणजे मात्र केवढी उलथापालथ होते, ते आमच्या घराने पाहिले आहे.

जीप हे वाहन आमच्या जिल्ह्याला नवे नाही. परळीला आगगाडी फार जुनी. पण बीड शहरात आगगाडी पोहोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. तोवर माणसे हलली ती एसटीने, बैलगाडीने आणि जीपने. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत जन्मलेली ही गाडी १९४७ पासून मुंबईत जोडली जाऊ लागली आणि पुढे तहसील कचेरी, जंगल खाते, निवडणुका, लग्नाची वऱ्हाडे असा तिचा संसार खेड्यापाड्यांत पसरला. तिच्या काळच्या इतर गाड्या एकेक करून निरोप घेत गेल्या. ॲम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेखच लिहिले. आमच्याकडची जुनी जीप मात्र अजून कुठे कुठे गोठ्याशेजारी उभी असते. जोवर फाट्यावरचा मिस्त्री आहे, तोवर तिला मरण नाही.

आमची जीप १९७४ सालची, पेट्रोलवर चालणारी. माझ्या आजोबांनी, म्हणजे तात्यांनी, ती एका लिलावात घेतली होती. आमचे गाव धारूर तालुक्यातले, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले. गावात दुसरे चारचाकी वाहन नव्हते, त्यामुळे जीप आमची असली तरी रात्री-अपरात्री ती गावाची असे. कोणाला पान लागले, कोणी विहिरीत पडले, कोणी बाई अडली, की आमच्या दाराची कडी वाजायची आणि तात्या धोतर सावरत किल्ली शोधायचे. मुक्कामाचे ठिकाण ठरलेले: आडसमार्गे अंबाजोगाईचा मोठा दवाखाना.

या जीपची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. म्हणजे चालक अक्षरशः पेट्रोलवर बसलेला असतो! तात्यांनी त्या लाल सुईकडे कधी पाहिले नाही. त्यांच्याजवळ वेळूची एक काठी होती. आसन उचलायचे, टाकीचे झाकण उघडायचे, काठी तळाला टेकवायची आणि किती बोटे ओली झाली ते पाहायचे. 'हाताच्या कांकणाला आरसा कशाला,' हा त्यांचा रोखठोक व्यवहार. ते गेले आणि घरात कोणाला त्या काठीचा उपयोग ठाऊक नसल्याने ती परसातल्या दोडक्याच्या वेलाला आधार म्हणून गेली.

तात्यांच्या मागे जीप दीड वर्ष शेडमध्ये उभी होती. मग पेरणीच्या दिवसांत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅटरी नवी घातली, जुने नासलेले पेट्रोल काढून टाकले, नवे भरले आणि गाडी सुरू केली. किल्ली फिरवताच लाल सुई सावकाश उठली आणि बरोबर अर्ध्यावर जाऊन थांबली. अण्णांना समाधान वाटले. आमच्याकडे पेट्रोल लिटरवर घेत नाहीत, रुपयांवर घेतात. 'पाचशेचं टाका,' एवढेच पंपावर बोलायचे. पाचशेचे टाकावे, चार खेपा माराव्यात, पुन्हा पाचशेचे टाकावे, सुई अर्ध्यावरच. जीप कमी पेट्रोल खायला लागली, असे अण्णा कौतुकाने सांगू लागले. बीडजवळची निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आपणा सर्वांना माहीत आहे. तिचे पाणी कधी वाढत नाही आणि कधी घटत नाही, अशी तिची ख्याती. आमच्या जीपची टाकी ही दुसरी खजाना विहीर ठरली! मी त्या वेळी अंबाजोगाईला वसतिगृहात होते. ही वर्णने मला फोनवर ऐकायला मिळत.

मार्गशीर्षातली रात्र. दिवाळी होताच गावातल्या टोळ्या कोयते घेऊन कारखान्यांकडे गेलेल्या. अशा दिवसांत आमचे गाव म्हणजे म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि कुत्री. त्यात एका घरी दिवस भरलेली एक सून मागे राहिली होती. नवरा आणि सासू-सासरे फडावर. सोबतीला फक्त आजेसासू. रात्री दीडच्या सुमाराला तिला कळा सुरू झाल्या. वीज गेलेली, मोबाइलला रेंज नाही. म्हातारी कंदील घेऊन आमच्या दारात आली. अण्णांनी जीप काढली, सुई पाहिली, ती अर्ध्यावर होती. माझी आई त्या मुलीचे डोके मांडीवर घेऊन मागे बसली. आडस ओलांडून दोन-तीन किलोमीटर गेल्यावर जीपने दोन आचके दिले आणि ती थांबली. सुई तेव्हाही अर्ध्यावरच होती.

पुढचा सव्वा तास कसा गेला, ते आई अजून पुरते सांगत नाही. अण्णा काळोखात चालत आडसला गेले. ओळखीच्या एका माणसाला उठवून त्याच्या मोटारसायकलच्या टाकीतून नळीने दोन लिटर पेट्रोल काढले आणि परत आले. पहाटे दवाखाना गाठला. बाळ जन्मले, पण रडले नाही. आठ दिवस ते काचेच्या पेटीत होते. बाराव्या दिवशी मायलेकरे सुखरूप घरी आली. गावात कोणी अण्णांना एका शब्दाने दोष दिला नाही. तरी अण्णांनी किल्ली खुंटीला अडकवली ती अडकवलीच. "ज्या गाडीचा काटा खरं बोलत नाही, तिच्यात कुणाची लेक बसवायची नाही," एवढेच ते म्हणाले. भंगारवाल्याला निरोप गेला. गावातली पुढची कडी वाजली, तेव्हा घरातून प्रथमच 'गाडी बंद हाय' असे उत्तर गेले.

परीक्षा संपवून मी घरी आले, तेव्हा परिस्थिती अशी होती. भंगारवाला पौर्णिमेनंतर येणार होता. मला जीपपेक्षा त्या उत्तराचे वाईट वाटले. फाट्यावर एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांना सारा पंचक्रोशीचा परिसर 'चाचा' म्हणतो. मी त्यांना बोलावून आणले. सोबत मीही हाताशी राहिले. आजीला ते रुचले नाही. "पोरीच्या जातीनं जीपखाली कशाला शिरायचं?" असे ती दोनदा म्हणाली, पण चहा मात्र दोघांचा ठेवला.

चाचांनी हत्यारांची पेटी उघडण्याआधी बिघाडाचे शास्त्र सांगितले. ते मला इतके आवडले की, ते येथे जसे समजले तसे देते. टाकीत एक पोकळ पितळी डबी पेट्रोलवर तरंगत असते. तिला मिस्त्री लोक फ्लोट म्हणतात. ती एका दांडीच्या टोकाला असते. पेट्रोल कमी-जास्त झाले की दांडी खाली-वर होते आणि तिच्या दुसऱ्या टोकाची पत्री बारीक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. त्यामुळे विजेच्या वाटेतला अडथळा कमी-जास्त होतो. तेथून एक तार डॅशबोर्डावरच्या घड्याळात जाते. आमच्या जीपमधल्या घड्याळात दोन निरनिराळ्या धातूंची जोडपट्टी आहे. जास्त वीज आली की पट्टी तापून जास्त वाकते आणि सुईला वर ढकलते. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून सुई सावकाश उठते. त्याचा फायदा असा की आमच्या रस्त्यांवरच्या प्रत्येक खड्ड्याबरोबर ती नाचत नाही.

म्हणजे गुन्हेगार तीनच असू शकतात: टाकीतला फ्लोट, मधली तार किंवा पुढचे घड्याळ. फ्लोटला भोक पडून तो बुडाला, तर भरल्या टाकीवरही सुई शून्य दाखवील. तार तुटली किंवा टाकीची अर्थ गंजली, तरीही शून्याकडेच. तार कुठे खरवडून गाडीच्या अंगाला टेकली, तर रिकाम्या टाकीवर सुई पूर्ण भरलेली दिसेल. जोडीला इंजिनाच्या उष्णतेचा काटाही एकदम वर जात असेल, तर दोघांना वीज पुरवणाऱ्या नियंत्रकाकडे पाहावे. आणि सुई एकाच जागी खिळलेली असेल तर? "तर आधी निष्कर्ष नाही काढायचा बेटी," चाचा म्हणाले. "आधी पुढून मागं यायचं. घड्याळ, मग तार, मग टाकी. लोक आधी टाकी उघडतात आणि पेट्रोलच्या वासात ठिणगी पाडतात."

आम्ही पुढून मागे आलो. किल्ली बंद केली. सुई शून्यावर पडली. याचा अर्थ ती घड्याळात अडकलेली नव्हती. टाकीवरच्या खिळ्यावरून तार सोडवली, तिचे टोक कापडात गुंडाळले आणि किल्ली फिरवली. सुई शून्यावरच राहिली. पुन्हा किल्ली बंद करून तार, टाकीपासून दूर, गाडीच्या लोखंडाला घट्ट बांधली आणि मग किल्ली फिरवली. सुई उठत उठत थेट भरल्या खुणेपर्यंत गेली. ती तेथे पोहोचताच चाचांनी किल्ली बंद केली, कारण जास्त वेळ तसे ठेवले तर घड्याळातली तार जळते. काही गाड्यांत याच्या नेमके उलटे असते; आपली गाडी कोणत्या जातीची, ते आधी पाहावे लागते. एवढ्यावरून घड्याळ निर्दोष ठरले, तार निर्दोष ठरली. उरली टाकी.

बॅटरीची तार काढली, शेडची दोन्ही दारे सताड उघडली, चाचांनी कानावरची विडी काढून अंगणात ठेवली आणि टाकीवरचे पाच स्क्रू सोडले. फ्लोटची दांडी बाहेर आली. मी फ्लोट कानाशी धरून हलवला. आत पेट्रोल खुळखुळले नाही. कढत पाण्याच्या भांड्यात बुडवला; बुडबुडा आला नाही. फ्लोटही निर्दोष. पण दांडी जिथे फिरते, त्या खिळीवर गंज आणि वाळलेल्या पेट्रोलचा मधासारखा चिकट थर चढला होता. मी बोटाने दांडी खाली दाबली. ती हलली नाही. ती मधोमध, अर्ध्यावर, दगडासारखी उभी होती.

अण्णा तोवर दारात येऊन उभे होते. त्यांच्याकडे न पाहता चाचा म्हणाले, "भाऊ, काटा खोटं बोलला नाही. तो अटकला होता. तात्यांनी गाडी उभी केली त्या दिवशी अर्धी टाकी होती. तो तेवढंच सांगत राहिला."

अण्णा काही बोलले नाहीत. ते पुढे आले आणि ती दांडी हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले. तात्यांच्या शेवटच्या खेपेनंतर उरलेले पेट्रोल त्या दांडीने दीड-दोन वर्षे जपून ठेवले होते.

आमच्या तत्त्वज्ञानाच्या तासाला न्यायदर्शन शिकवताना सर सांगतात, की ज्ञान मिळवण्याची साधने चार: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. धूर दिसला की अग्नी आहे असे आपण म्हणतो, ते अनुमान; पण धूर आणि अग्नी यांचे नित्य साहचर्य, म्हणजे व्याप्ती, शाबूत असेल तरच ते खरे. परीक्षेत मी हे पाठ करून लिहिले होते. त्या दिवशी शेडमध्ये ते प्रथम समजले. तात्यांची काठी हे प्रत्यक्ष. सुई हे अनुमान. चाचांचे बोलणे हे आप्तवाक्य. सुई आणि पेट्रोल यांची व्याप्ती टाकीच्या आत, कोणालाही न दिसणाऱ्या एका खिळीवर तुटली होती आणि वर मात्र अनुमान थाटात चालू होते. म्हणून अनुमानावर चालणाऱ्याने अधूनमधून प्रत्यक्षाची काठी बुडवून पाहिली पाहिजे.

वाचकहो, खोटे बोलणारा काटा आणि अडकलेला काटा यांत मोठा फरक आहे, आणि दुसरा अधिक धोक्याचा आहे असे मला वाटते. खोटा काटा आज काही, उद्या काही सांगतो. त्याचा संशय येतो. अडकलेला काटा एकदा खरे असलेले तेच ते शांतपणे सांगत राहतो. त्याच्या आवाजात खरेपणा असतो, कारण एके काळी तो खरा होता. आमच्या आजीचे 'पोरीच्या जातीनं' हे त्यातलेच. तिच्या काळात ते खरे मोजमाप असेल. दांडी तिथेच थांबली आहे.

मोजमापाशी तर आम्हा बीडकरांची जन्मगाठ आहे. दुष्काळ आहे की नाही, हे वर्षानुवर्षे गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की नाही यावर ठरत असे. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेपासून पाऊस, जमिनीतली ओल, पिकांची अवस्था असे आणखी काटे जोडले गेले. धरणांचे आकडे आपण रोज वाचतो. पण मांजरा धरण शून्य टक्के म्हणजे ते कोरडे असे नव्हे, त्याखाली मृत साठा असतो, जसे जीपची सुई शून्यावर आली तरी तळाशी थोडे पेट्रोल असते. हा फरक ज्याला माहीत, तोच वेळेवर सावध होतो. २०१६ च्या एप्रिलात त्या धरणाने तळ गाठला आणि लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेव्हा नुसता आकडा वाचणे आणि आकड्याचा अर्थ कळणे या दोन गोष्टी किती निराळ्या आहेत, ते साऱ्या मराठवाड्याने पाहिले. काटे वाढवावेत हे खरेच. पण प्रत्येक काट्याची खिळी फिरते की नाही, हे पाहणारा कोणी तरी हवा.

असो. आमच्या खिळीचे पुढे काय झाले ते सांगते. चाचांनी ती पेट्रोलमध्ये भिजत घातली, जुन्या टूथब्रशने घासली आणि दांडी सैल केली. तारेच्या वेटोळ्याला पॉलिश पेपर लावू दिला नाही. ती तार केसासारखी असते, एकदा झिजली की संपली. बुचाच्या लाकडाची नवी वायसर टाकून पाचही स्क्रू कसले. मग टाकी पुरती रिकामी करून आम्ही मोजमाप सुरू केले. पाच-पाच लिटरच्या मापाने पेट्रोल ओतायचे, सुई स्थिरावेपर्यंत थांबायचे आणि लिहून घ्यायचे. तेव्हा कळले, की आमच्या सुईचे अर्धे म्हणजे टाकीचे अर्धे नव्हेच. वरचा अर्धा भाग ती सावकाश उतरते आणि खालचा अर्धा भाग भराभर. चढावर ती एक सांगते, उतारावर दुसरे. निर्दोष काट्यालाही स्वभाव असतो आणि तो ओळखून घ्यावा लागतो.

संध्याकाळी अण्णा परसात गेले आणि दोडक्याच्या वेलातून ती वेळूची काठी सोडवून आणली. उन्हापावसाने ती करडी पडली होती. दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा रिकामी करून आम्ही पाच-पाच लिटरला काठीवर विळ्याने एकेक खाच पाडली. खाचा पाडण्याचे काम अण्णांनी स्वतः केले. खालची खाच त्यांनी जरा खोल पाडली. "हितनं खाली गेली की अंबाजोगाई गाठत नाही," ते म्हणाले. चाचांनी दोनशे रुपये घेतले. भंगारवाला पौर्णिमेनंतर आला आणि शेडमधली जुनी पत्र्याची कोठी तेवढी घेऊन गेला.

पंधरवड्याने रात्री आमची कडी वाजली. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याच्या छातीत दुखत होते. मी उठेपर्यंत अण्णा शेडमध्ये पोहोचले होते. त्यांनी किल्ली फिरवून सुई पाहिली. मग किल्ली बंद केली, खाली उतरून आसन उचलले आणि काठी बुडवली. बॅटरीच्या उजेडात ओल्या झालेल्या खाचा मोजल्या, तीन होत्या. काठी पुसून त्यांनी आसनाखाली तात्यांच्या जागी ठेवली आणि मला म्हणाले, "चल, तूबी बस. म्हाताऱ्याला धरायला कुणीतरी लागंल."